हुंगणीबाई

बाई आधी वास घ्यायच्या. नाव विचारण्याआधी, गाव विचारण्याआधी, नाडीवर बोट ठेवण्याच्याही आधी. अडलेल्या बाईला छकड्यातून उतरवून ओसरीवर आणलं की त्या तिच्या तोंडाशी वाकायच्या, डोळे मिटायच्या आणि एक लांब श्वास ओढून घ्यायच्या. सोबतची माणसं गोंधळून जात. कुणी म्हणे मंतर टाकते, कुणी म्हणे जात ओळखते. बाईंच्या कानावर दोन्ही पडायचं. "जात हुंगायला मला सवड कुठं हाय?" त्या म्हणायच्या. "आन् मंतर येत असता तर मी हितं रक्ताची फडकी उकळत बसले असते का?"

बीडच्या बायकांच्या दवाखान्यात नर्सिंगचं शिकणाऱ्या आम्ही मुली त्यांना मोठ्या बाई म्हणत असू. आसपासच्या खेड्यांत मात्र त्यांचं नाव हुंगणीबाई. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण एक गाडीवान दुसऱ्याला वाट सांगताना तेच सांगायचा. बाईंनाही ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं. कधी कधी तर मला वाटतं, आवडतच असावं.

मी घाटनांदूरच्या एका किराणा दुकानदाराची मुलगी. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा तापाने गेला. मी माहेरी परत आले. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. वडिलांनी लोकांचं बोलणं पोटात घालून मला बीडला पाठवलं, आणि आज मी हैदराबादला कॉलेजात आहे, हे लिहितानाही मला थोडा संकोच वाटतो. मागच्या उन्हाळ्यात वडील भेटायला आले होते. पडशी खाली ठेवता ठेवता म्हणाले, "तुझ्या बाई गेल्या गं." तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. मला लिहिता येतं म्हणून लिहिते आहे, नीट येतं म्हणून नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी मला विचारलं, "कुणाची गं तू?"

"घाटनांदूरच्या वाण्याची."

"मग नाक शाबूत असंल. डोळे मीट."

मी डोळे मिटले. त्यांनी एकेक बाटली उघडून माझ्या नाकाखाली धरली. पहिली मी लगेच ओळखली. एरंडेल आमच्या दुकानात पिंपाने यायचं. दुसऱ्या बाटलीला मी म्हटलं, "ह्या फरशीचा वास." ते कार्बोलिक होतं, त्यानेच सकाळी फरशी पुसलेली. तिसऱ्या बाटलीला मात्र मी अडले. काहीतरी कुबट, जुनाट, नासल्यासारखं. आम्ही लिंगायत, आमच्या घरी मासळी कधी शिजली नाही. पण आठवडी बाजारात सुक्या बोंबलांच्या पाट्यांपाशी मी नाकाला पदर लावून पळायची, तेवढी ओळख होती. मी भीत भीत म्हटलं, "बाजाराचा वास येतो."

बाकीच्या मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. "बाजाराचा तर बाजाराचा," त्या म्हणाल्या. "पर ह्यो वास मरस्तोवर इसरू नको. बायका मारतो ह्यो. आन् वाचवितोबी."

ते अर्गट होतं.

आता कॉलेजात आमचे मास्तर ह्या औषधांची नावं, मात्रा आणि गुण उर्दूतून सांगतात, तेव्हा मला प्रत्येक नावाआधी बाईंची फळी दिसते. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या इंग्रजी, खाली कारकुनाने उर्दूत काही खरडलेलं. आम्हा मुलींना दोन्ही वाचता येत नसे. काहींना तर मराठीही वाचता येत नव्हतं. त्यातून चिठ्ठ्यांची खळ झुरळं खायची. म्हणून बाईंनी स्वतःपुरती एक रीत बसवली होती आणि तीच आम्हाला शिकवली: औषध वासाने ओळखायचं. आयोडीन लोखंडासारखं नाकात चढतं, ते नाळेला. क्लोरोफॉर्म गोड, पिकल्या फळासारखं, पण ते डॉक्टरीणसाहेबांनीच उघडायचं, आणि गोड लागतं म्हणून कुणी जवळ तोंड नेलं की पाठीत धपाटा. मी अजूनही प्रयोगशाळेत बाटली हातात आली की आधी बूच काढते. मास्तर वैतागतात. "बीबी, लेबल पढिए," म्हणतात, "सूँघिए मत." मी हो म्हणते आणि लेबल वाचते. पण हुंगून झाल्यावर.

ज्या औषधांना वास नाही त्यांचं काय, असं मी एकदा विचारलं. बाईंनी मला फळीच्या टोकाला नेलं. तिथल्या बाटल्यांच्या गळ्यात सुताच्या गाठी होत्या. बाळाच्या डोळ्यांत टाकायचं चांदीचं पाणी काळ्या कागदात गुंडाळलेलं आणि वर एक गाठ. त्याने बोटं काळी पडतात, बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची काळी होती. बाळंतिणीला झटके आले तर द्यायचं विलायती मीठ, त्याला जोडगाठ. "वास न्हाई ते मुकं," बाई म्हणायच्या. "मुक्याच्या गळ्यात घंटा बांधावी लागती." बाकी बाटल्यांना गाठी नव्हत्या. त्यांना बोलता येतं, असं बाईंचं म्हणणं.

अर्गटची बाटली मात्र फळीवर नसे. बाई ती कमरेच्या चंचीत ठेवायच्या. दुसऱ्या बायका जिथे पान-सुपारी ठेवतात तिथे ही चपटी बाटली. बाजरीच्या कणसावर पावसाळ्यात काळपट चिकटा धरतो, तो आमच्याकडे कुणालाही माहीत आहे. तसाच रोग थंड मुलखातल्या एका धान्यावर पडतो आणि त्यापासून हे करतात, एवढं बाईंनी आम्हाला सांगितलेलं. त्याने गर्भाशय घट्ट आवळलं जातं. मूल झाल्यावर रक्त थांबत नसेल तर ह्याच्यासारखं औषध नाही. पण मूल आत असताना दिलं तर पोट आवळतं ते सैल पडत नाही, मूल आत गुदमरतं, आणि कधी पिशवीच फाटते. "मूल भाईर, वार भाईर, मंग ही भाईर," असं म्हणून बाई चंचीवर थाप मारायच्या. आम्ही मुली दळताना गाणं म्हणावं तसं ते म्हणत असू.

हे एवढं का, तर खेड्यांतल्या सुइणींच्या हाती ते औषध पडलं होतं. बाजारोबाजार हिंडणारा एक वैदू काळं औषध म्हणून छोट्या कुप्यांतून विकायचा. कळा मंदावल्या की सुईण ते ओव्याच्या काढ्यात गूळ घालून पाजायची. कधी कळा वाढून मूल व्हायचंही, म्हणून तर त्याच्यावर विश्वास. आणि पाजण्याआधी ती घरातल्या बायकांना बेलभंडार उचलायला लावायची. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन देवाची आण: मी काय पाजलं ते कुणाला सांगायचं नाही. सरकारी माणसं चौकशीला येतील ह्याची तिला भीती. बायका आण मोडत नसत. डोळ्यांदेखत सून मरायला टेकली तरी सासूच्या तोंडून शब्द निघत नसे. आण मोडली तर दुसरं काही तरी मरेल, हे त्यांना पक्कं वाटायचं. डॉक्टरीणसाहेब हैदराबादच्या, भल्या, पण त्यांना हे कळायचं नाही. त्या विचारत राहायच्या, ओरडायच्या. बाई विचारतच नसत. "आण मोडू नका," म्हणायच्या, "नुसतं तिचं तोंड उघडा." आणि वाकायच्या. मग डॉक्टरीणसाहेब दारातून विचारायच्या, "क्या बोलतीये तुम्हारी नाक?" बाई सांगतील त्यावर पुढचं सगळं ठरायचं.

बाई कधी बसत नसत. ह्याची मला फार उशिरा सवय झाली. जेवण उभ्याने, चहा उभ्याने. फार दमल्या तर ओसरीच्या खांबाला पाठ टेकून डोळे मिटायच्या. उन्हाळ्यात बिंदुसरा नदीची वाळू तापलेली, पखालीचं पाणी दुपारपर्यंत संपलेलं, आणि वेशीकडून गाडीच्या चाकांचा आवाज आला की बाई डोळे न उघडता म्हणायच्या, "आली गं आणिक एक." त्या आवाजात राग नसायचा, कौतुक नसायचं. विहिरीवर शेवटचा हंडा ओढणाऱ्या बाईचा आवाज असतो, तसा. मी एकदा म्हटलं, "बाई, घटकाभर बसा." तर म्हणाल्या, "बसले की उठवत न्हाई. म्हणून बसतच न्हाई."

सकाळी त्या वॉर्डाच्या दारात थांबायच्या आणि आत न येताच सांगायच्या, "भिंतीकडच्या खाटेवरली बघा. वास बदललाय." त्या बाळंतिणीला ताप नसायचा, हसत बसलेली असायची. संध्याकाळी अंग तापायचं. बाळंतपणानंतरचं ते विषारी दुखणं बाईंना दिवसभर आधी कळायचं, आणि तेवढ्या दिवसभरात कित्येक जणी वाचायच्या. तसंच दूध. मागच्या चुलीवर दूध लागायला नुसती सुरुवात झाली की पुढच्या ओसरीवरून आवाज यायचा, "दूध करपलं गंऽऽ!" धावत जावं तर तळाला नुकती पिवळी खरवड धरलेली. रखमा नावाची माझ्याबरोबरची मुलगी म्हणायची, "ह्या बाईच्या घरात चोरून काही खाता यायचं न्हाई."

मग एका हिवाळ्यात तापाची साथ आली. गावात घरटी माणूस आडवं झालं. बाईही पडल्या. खाटेवर पडलेल्या बाई आम्हाला ओळखू येत नव्हत्या. उठल्या तेव्हा गळ्याची हाडं वर आलेली, पण चंची कमरेला, आणि खांबाला पाठ.

त्यानंतर त्यांनी शिकवायची पद्धत बदलली. गाडी आली की मला हाक मारायच्या. "ए वाण्याची! आधी तू हुंग. शिकाय नको का?" मी वाकायची, काय येतं ते सांगायची, मग त्या स्वतः वाकायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर." सकाळी वॉर्डाच्या दारातही मला पुढे करायच्या. मला फार अभिमान वाटायचा. मी वडिलांना सांगितलंसुद्धा, बाई मला तयार करताहेत. त्याच दिवसांत एकदा मागे दूध पार जळून गेलं, पातेलं काळं झालं, आणि बाई चुलीपासून हातभर अंतरावर फडक्यांच्या घड्या घालत उभ्या होत्या. रखमा म्हणाली, "बाई, दूध!" बाई दचकल्या. "सर्दी हाय मला," म्हणाल्या. आम्हाला ते पटलं. साथीनंतर सगळ्या गावालाच सर्दी होती.

उन्हाळा लागला होता. त्या दिवशी सकाळपासून गाड्या येत होत्या. दुपारी मी मागे पाणी उकळत होते तेव्हा आणखी एक छकडा आला. डोंगराकडच्या गावच्या पाटलांची सून, पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडलेली. बरोबर सासू, मोठ्या कुंकवाची, तोंड घट्ट मिटलेली. मला हाक आली नाही. माझे हात गुंतलेले बाईंनी पाहिले असावेत. मी तापलेलं पाणी घेऊन आत आले तेव्हा बाईंचं वाकून झालं होतं.

"ओव्याचा काढा पाजलाय," त्या म्हणत होत्या. "दुसरं काई न्हाई. रखमे, एरंडेल दे आन् मागून क्विनाईन. कळा मंद हायती."

कळा वाढवायला दवाखान्यात अशा वेळी तेच देत. डॉक्टरीणसाहेबांची तशी आज्ञाच होती. रखमाने पेला भरला.

मी त्या मुलीचं तोंड पुसायला वाकले. ओठाच्या कोपऱ्यात ओव्याचे दाणे चिकटलेले दिसत होते. ओव्याचा वास होता, गुळाचा होता. आणि त्याच्या खाली, अगदी खाली, बाजाराचा वास होता.

मी तशीच वाकून राहिले. त्या दवाखान्यात बाईंच्या नाकाला कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं. डॉक्टरीणसाहेबांनीही नाही. मला वाटलं, माझंच चुकत असेल. मी पुन्हा श्वास घेतला.

"बाई," मी म्हटलं.

"पाणी ठिव आन् पाय धर तिचे."

"बाई, वास येतोय."

"ओव्याचा हाय त्यो."

"ओव्याच्या खाली. बाजाराचा."

रखमाचा पेला मुलीच्या ओठापाशी होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी रागाची वाट बघत होते. राग नव्हता. घामाने निथळणारा, फार दमलेला चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली भीती होती. त्या पुन्हा वाकल्या. लांब श्वास घेतला. मग तोंड उघडं टाकून, गाभण गाय धापा टाकते तसा, आणखी एक. सरळ झाल्या.

"खरं सांगतीस?" अगदी हळू विचारलं.

"खरं, बाई."

त्यांनी रखमाच्या हातातला पेला घेतला आणि मोरीत ओतला. मग मुलीच्या पोटावर तळहात ठेवला आणि ठेवूनच राहिल्या. एक कळ आली, गेली. दोन कळांच्या मधे पोट मऊ पडायला हवं. पडत नव्हतं. मंद वाटत होत्या त्या कळा मंद नव्हत्या. एकीची दुसरीत सरमिसळ होत होती.

बाई सासूकडे वळल्या. "पाटलीणबाई, आण घेतली असंल तर मोडू नका. तोंड मिटूनच ऱ्हाऊ द्या. मी बोलती. माझं खोटं असंल तर मान हालवा. मान हालवायची आण तर घेतली न्हाई ना?"

पाटलीणबाई जमिनीकडे बघत उभ्या.

"सुईणीनं काळं औषध पाजलं."

मान हलली नाही.

"एकदाच."

मान हलली. नाही, अशी.

"दुसऱ्यांदा पाजलं ते पहाटं."

मान पुन्हा तशीच हलली.

"गाडीत घालताना."

मान हलली नाही. कपाळावरची एक शीर तेवढी उडत होती.

"रखमे, पळ. डॉक्टरीणसाहेबास्नी म्हणावं क्लोरोफॉर्म घेऊन या. अर्गट पोटात हाय आन् मूल आत हाय."

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. तो गोड वास खोलीभर. मुलीच्या मुठी सुटलेल्या. बाईंचा हात पोटावरच, आणि एका क्षणी त्या म्हणाल्या, "सैल पडलं," तेव्हा डॉक्टरीणसाहेबांनी चिमटे लावून मूल बाहेर काढलं. मुलगी वाचली. पिशवी शाबूत राहिली. वार पडल्यावर बाईंनी चंचीतली बाटली काढून तिला त्यातलंच औषध दिलं, कारण आता त्याची वेळ होती, आणि रक्त थांबलं. मूल रडलं नाही. मुलगा होता. बाईंनी त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात तोंड घालून फुंकर घातली, गार पाण्यात आणि गरम पाण्यात धरलं. फार वेळ. डॉक्टरीणसाहेब म्हणाल्या, "बस करो, बाई." तरी थोडा वेळ. मग धुवून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून त्यांनी ते पाटलीणबाईंच्या हातांत दिलं.

तेव्हा पाटलीणबाई पहिल्यांदा बोलल्या. "बाई, मी आण घेतलती वो."

"ठावं हाय," बाई म्हणाल्या. "बसा. पाणी प्या."

सगळं आवरून मी बाहेर आले, तर बाई ओसरीच्या पायरीवर बसलेल्या होत्या. बसलेल्या. मी खालच्या पायरीवर जाऊन बसले. उन्हं उतरत होती. मी विचारलं, "कधीपासून, बाई?"

"तापापासून." त्यांनी समोर बघतच सांगितलं. "सर्दी हाय म्हणत व्हते. सोताला बी तेच सांगत व्हते. रोज सकाळी उठून हिंगाची डबी उघडती. नाकात नुसती गार हवा जाती."

"म्हणून मला आधी हुंगायला लावायच्या?"

"शिकवीतबी व्हते गं," त्या म्हणाल्या. "ते खोटं न्हाई."

बाईंनी ओठाच्या कोपऱ्याला बोट लावलं. "ओव्याचे दाणे दिसले मला. दिसले म्हणून म्हणलं, ओवा. वास आला न्हाई असं कावून म्हणता आलं न्हाई मला? येवढी माणसं समोर हुबी. हुंगणीबाईला वास येत न्हाई, कसं म्हणू?"

दुसऱ्या सकाळी त्यांनी डॉक्टरीणसाहेबांपुढे उभं राहून सगळं सांगितलं. डॉक्टरीणसाहेबांनी समजूत काढली. पोरगं त्या औषधाने गेलं, तुमच्याने नाही. पेला तोंडात गेला नाही. "दो महिने ठैरो, बाई. आ जाती नाक. ऐसा नक्को करो."

"साहेब, मी थांबीन," बाई म्हणाल्या. "बायका थांबत न्हाईत."

काम सोडून गावी जायला गाडी मिळेपर्यंतचे दिवस त्यांनी फळीपाशी घालवले. सगळ्या बाटल्यांच्या गळ्यात गाठी बांधल्या. नुसत्या मुक्यांच्या नाही, सगळ्यांच्या. बोलक्या आणि मुक्या असा भेद त्यांनी पुसून टाकला. मग मला बसवून प्रत्येक बाटलीवर मराठीत ठळक अक्षरं लिहायला लावली: काय आहे, कशासाठी, कधी द्यायचं नाही. अर्गटच्या बाटलीवर त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, मूल बाहेर, वार बाहेर, मग. "सगळं एका नाकावर ठिवलं," त्या म्हणाल्या. "ते चुकलं माझं. नाक म्हंजी काय, सर्दीनं जातंय." रखमाला अक्षरं येत नव्हती. जायच्या दिवसापर्यंत बाईंनी तिला रोज माझ्यापाशी शिकायला बसवलं. रखमा कुरकुरली, तर म्हणाल्या, "गप. मी तुझ्या वयात शिकले असते तर आज हिच्याकडनं लिहून घ्यावं लागलं नसतं."

आणि एक रीत त्या दिवसापासून दवाखान्यात राहिली. आण घेतलेल्या सासूला कुणी ओरडून विचारत नाही. आपण बोलायचं आणि तिने फक्त मान हलवायची. डॉक्टरीणसाहेबसुद्धा तसंच करू लागल्या, त्यांच्या बोलीत. मी इथे कॉलेजात हे एकदा सांगितलं, तेव्हा मुली हसल्या. पण मास्तर हसले नाहीत. पुन्हा सांगा, म्हणाले.

बाई दवाखाना सोडून गेल्या त्या दिवशी निरोप वगैरे काही झाला नाही. चंची सोडून त्यांनी माझ्या हातात दिली, बाटलीसकट. गाडीत चढल्या. गाडीत मात्र माणसाला बसावंच लागतं.

हैदराबादला निघण्याआधी मी एकदा त्यांच्या गावी गेले होते, नारायणगडाच्या बाजूला. भाच्याकडे राहत होत्या. अंगणात बाजेवर बसलेल्या, केस पार पांढरे झालेले. मला पाहून उठल्या नाहीत. "ये," म्हणाल्या. "आता बघ कशी बसती मी. बसूनच असती." कॉलेजाचं ऐकलं. डोळे भरले का ते मला नीट दिसलं नाही. त्यांनी तोंड दुसरीकडे केलं होतं. चेहऱ्यावर तो जुना थकवा तसाच होता. काम संपल्यावर तो जाईल असं मला वाटलं होतं. तो गेला नव्हता.

"नाक?" मी विचारलं.

"न्हाई आलं," म्हणाल्या. "भाकरी खाती, तर नुसती माती चावल्यावानी. भाचेसून चांगली हाय. पर तिला काय सांगणार." मग माझ्याकडे वळल्या. "तू सांग. डोळे मीट. काय काय येतंय?"

मी डोळे मिटले. पहिल्या दिवशी मिटले होते तसे.

"लिंबाचा मोहर," मी म्हटलं.

"आमच्याच दारात हाय. म्होरं?"

"शेण. ओलं. म्हशीचं."

"गाईचं न्हाई?"

"म्हशीचं. आणि कुणीतरी मेथी निवडतंय जवळ. पाणी मारलेलं अंगण. तुमच्या लुगड्याला अजून कार्बोलिक येतं, बाई."

"येतं?" त्या हसल्या. "धुतलं तरी?"

"येतं." मी आणखी एक श्वास घेतला. "आणि आत चुलीवर भाकरी करपतेय. एका बाजूने, नुकतीच."

बाई ताठ झाल्या. मान घराकडे वळवली, आणि तो पुढच्या ओसरीवरचा जुना आवाज अंगणभर घुमला, "अगं, भाकर करपली गंऽऽ!"

आत तव्याचा खडखडाट झाला. पिठाच्या हातांनी सून दारात आली आणि डोळे मोठे करून बघत राहिली. "आत्याबाई, तुमास्नी कसं कळलं?"

बाईंनी माझा हात धरून ठेवला होता.